कलम एकसष्ट-क

सोमवारी सकाळी साडेदहाला निवृत्त न्यायाधीश वकील मंडळाच्या ग्रंथालयात आले, काउंटरवर एक चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "बाई, या बेटाचा कायदा हवाय. गुरुवारपर्यंत."

ग्रंथपालबाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर आणला. चिठ्ठीवर एका देशाचं नाव होतं. नाव इतकं लांब की चिठ्ठी आडवी धरून लिहावं लागलं होतं, आणि उच्चारताना मधे एकदा श्वास घ्यावा लागत होता. पुढचे पंधरा दिवस त्या इमारतीत सगळे त्याला 'ते बेट' एवढंच म्हणाले. आपणही तेच म्हणू.

"कुठला कायदा, साहेब? लग्नाचा, जमिनीचा, की तुरुंगाचा?"

"होडीचा."

प्रकरण असं होतं. जहाजावर उभी हयात काढलेला एक इंजिनियर निवृत्त झाला आणि घरामागच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून त्यानं स्वतःच्या हातानं चार मीटरची एक लाकडी होडी बांधली. जवानीत कधीतरी त्या बेटावर त्याचे तीन दिवस फार चांगले गेले होते म्हणे. कसे, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. पण होडीची नोंदणी मात्र हौसेनं त्या बेटाच्या दफ्तरी केली आणि मागे त्याचा झेंडा लावला. मग गेल्या वर्षी तो मृत्युपत्र न करताच गेला. मागे दोन मुलं. थोरला दातांचा डॉक्टर, धाकटी पोहायला शिकवणारी. घर, कपाटं, आईची भांडी, सगळं दोघांनी एका दुपारी चहा पितापिता वाटून घेतलं. होडी राहिली. ती अर्धी करता येईना. आठ महिने झाले, बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत होते ते फक्त वकिलांच्या नोटिशीतून. शेवटी दोघं मध्यस्थी करायला निवृत्त न्यायाधीशांकडे आले, आणि दोन्ही वकिलांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं: झेंडा ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा.

"मिळेल ना?" साहेबांनी विचारलं.

"ऑनलाइन असेल तर मिळेलच," बाई म्हणाल्या. "आणि मिळालं की खातरजमा करून देते."

हे शेवटचं वाक्य त्या गेली एकोणतीस वर्षं म्हणत आल्या होत्या. वकील पाठीमागे त्यांना 'खातरजमा'च म्हणत. एकदा एका वकिलानं त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर त्यांनी आधी कॅलेंडर पाहिलं होतं.

मात्र या वेळी नुसत्या अब्रूचा प्रश्न नव्हता. महिनाअखेरीला ग्रंथालय समितीची बैठक होती आणि विषयपत्रिकेवर दुसऱ्याच क्रमांकाला विषय होता: 'ग्रंथपाल या पदाची आवश्यकता.' समितीचे अध्यक्ष म्हणजे थोरल्या भावाचे वकील. आवाजामुळे त्यांना सगळे 'तोफखाना' म्हणत. ते व्हरांड्यात कुजबुजले तरी कबुतरं उडायची. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आता सगळं घरबसल्या ऑनलाइन मिळतं. मग शोधून द्यायला माणूस कशाला?"

घरबसल्या काय मिळतं, ते बाईंना दुपारपर्यंत कळलं. बेटाच्या सरकारच्या संकेतस्थळावर 'काम चालू आहे, लवकरच भेटू' अशी पाटी होती आणि खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख. संसदेच्या पानावर फक्त सभापतींचा फोटो, आणि तोही अर्धाच उतरलेला, कपाळापर्यंत. राजपत्राचे अंक होते, पण ते कुणीतरी आडवे स्कॅन केले होते. बाईंनी मान वाकडी करून चार पानं वाचली, तेव्हा ती डुकरांच्या लसीकरणाची निघाली. एका परदेशी विद्यापीठानं देशोदेशीच्या कायद्यांची सुरेख सूची केली होती. तीत बेटाच्या नावापुढे एक दुवा होता, आणि तो दाबला की 'आपण शोधत असलेलं पान सापडलं नाही, क्षमस्व' असं नऊ भाषांत येत होतं. करारांचे संग्रह सापडले, समुद्री कायद्याचे संग्रह सापडले, बेटानं कुठल्या करारावर सही केली आणि कुठल्या करारावर करायची विसरलं तेही सापडलं. होडी वारसाला कशी जाते, ते मात्र कुठेच नाही.

अडीच वाजता बाईंनी बेटाचं नाव पुन्हा एकदा, सगळ्या स्वरांसकट, टंकायला घेतलं. अर्ध्यावर आल्या आणि फोन वाजला. घरून नवरा. तो दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाला होता आणि स्वयंपाक शिकत होता.

"अगं, बटाटे उकडताना झाकण ठेवायचं का?"

"ठेवा."

"ठेवलं. आता ते उडतंय."

"गॅस बारीक करा!"

"कुठला? दोन्ही चालू आहेत."

"दुसऱ्यावर काय आहे?"

"काहीच नाही. म्हणूनच विचारतोय."

फोन ठेवून बाईंनी उरलेलं नाव पुरं केलं. या गडबडीत एक स्वर गळला.

आणि जे पान उघडलं, ते पाहून एकोणतीस वर्षांच्या ग्रंथपालबाईंना गहिवरून आलं. झेंडा होता. राजमुद्रा होती. डाव्या बाजूला विषयवार अनुक्रमणिका, उजवीकडे शोधायची चौकट, आणि मधोमध संपूर्ण नागरी संहिता. कलमवार, क्रमवार, टिपांसकट, फुकट! 'वारसा' म्हणून शोधलं की वारसा यायचा, 'होडी' म्हणून शोधलं की होडी. लोकसंख्याही कोपऱ्यात दिली होती: एकोणचाळीस. 'हजारात असणार,' बाई मनाशी म्हणाल्या. त्या पानाच्या तळापर्यंत गेल्या नाहीत. जाणारच होत्या, पण तेवढ्यात घरून पुन्हा फोन आला. बटाटे आता झाकणासकट खाली होते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी संहितेची चौतीस पानं छापून फायलीला लावली. मग एक सुंदर यादी केली: 'आंतरराष्ट्रीय व परदेशी कायद्याच्या अभ्यासासाठी ऑनलाइन साधने'. एकूण बावीस. प्रत्येकापुढे शेरा. 'विश्वसनीय, पण बंद.' 'चालू, पण आडवे.' चौदाव्या क्रमांकापुढे मात्र तीन चांदण्या आणि 'अत्युत्तम' असं. यादीच्या तीन प्रती काढल्या. एक साहेबांना, एक तोफखान्याला, एक बहिणीच्या वकीलबाईंना. या वकीलबाई आवाजानं आणि अंगानं बारीक होत्या, आणि कुठेही शिरायच्या. त्यांना 'सुई' म्हणत.

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत बैठक बसली. लांब टेबल, एका टोकाला साहेब डोळे मिटून. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला बहीण, दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत. बाई कागदपत्रं सांभाळायला कोपऱ्यात.

तोफखाना उठला. "त्या बेटाची नागरी संहिता! कलम एकसष्ट!" खिडकीच्या काचा हादरल्या. "'जी वस्तू तोडल्यास निरुपयोगी होते, ती ज्येष्ठ अपत्याकडे जाईल.' माझे अशील ज्येष्ठ आहेत. विषय संपला!"

"असं कसं संपला?" बहीण उसळली. "बाबांनी असला कायदा पाळला असता होय? आम्हाला एक आंबट गोळी दिली तरी दातानं तोडून दोघांना द्यायचे!"

"म्हणूनच माझे दात..." डॉक्टर बोलून गेले. आठ महिन्यांत त्यांनी बहिणीला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द होते. साहेबांचा एक डोळा किंचित उघडला आणि मिटला.

सुईनं मंगळवारची तारीख मागून घेतली, पण मग "शनिवार चालेल," म्हणाली. तारीख अलीकडे मागणारा वकील साहेबांनी पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी सुईनं एक कागद अलगद पुढे सरकवला. "आमच्या विद्वान मित्रांनी संहिता वाचली, पण ताजी नाही वाचली. दुरुस्ती झालीय. एकसष्ट-अ. 'मात्र ज्येष्ठ अपत्य ती वस्तू चालवू जाणत नसेल आणि धाकटं जाणत असेल, तर ती धाकट्याकडे जाईल.' माझ्या अशील पोहायला शिकवतात, वल्हवतात. डॉक्टरसाहेबांना पाण्याची भीती आहे. तोंड धुवायच्या पलीकडे ते पाण्यात जात नाहीत."

तोफखान्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. "ही दुरुस्ती कधी झाली?"

"अलीकडेच," सुई गोड हसली. "चौदावा क्रमांक उघडून बघा ना. तीन चांदण्यांवाला."

मंगळवारी तोफखाना आला तो दारातूनच गर्जत. "एकसष्ट-ब! 'चालवणे या शब्दात वस्तू दुरुस्त ठेवणे समाविष्ट आहे. दुरुस्ती न जाणणाऱ्यास चालवणारा म्हणता येणार नाही.' माझे अशील दिवसभर करतात काय? भोकं बुजवतात! वकीलबाईंच्या अशिलांनी जन्मात कधी एक खिळा तरी ठोकलाय का?"

"ठोकलाय," बहीण म्हणाली. "दादाच्या सायकलच्या टायरमध्ये."

"ती तू होतीस?" डॉक्टर ताडकन वळले.

साहेब डोळे मिटूनच म्हणाले, "कायद्यावर बोलू. पुढची बैठक परवा, गुरुवारी."

कोपऱ्यात बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. हा कसला देश, ज्याची संसद इतकी तत्परतेनं चालते? आणि तिला दर दोन दिवसांनी होडीचंच कसं सुचतं? त्या खाली गेल्या, फायलीतली सोमवारची चौतीस पानं काढली. कलम एकसष्ट, त्याच्यापुढे थेट बासष्ट. मधे अ नाही, ब नाही. त्यांनी संगणक लावला, चौदावा क्रमांक उघडला. लोकसंख्या बेचाळीस झाली होती. हजारात धरली तरी आठवड्यात तीन हजार माणसं? त्या पान खाली सरकवत गेल्या, सरकवत गेल्या, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांना हे सापडलं:

'हा देश सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. तो एका निवृत्त भूगोल-शिक्षकाच्या गॅरेजमध्ये आहे. गाडी आत असताना देश बंद असतो. नागरिक होण्यासाठी येथे दाबा. कोणताही नागरिक कायदा सुचवू शकतो. दुसऱ्या एका नागरिकानं अनुमोदन दिलं आणि चोवीस तासांत कुणी हरकत घेतली नाही, तर तो लागू होतो.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गॅरेज तिथेच होतं.

म्हणजे सुईनं तळापर्यंत वाचलं होतं. आणि बोभाटा न करता सरळ नागरिकत्व घेऊन कलम पदरात पाडून घेतलं होतं. तोफखान्यानं ते तपासायला पान उघडलं आणि त्यालाही तळ सापडला. आता दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला माहीत नाही. उरला प्रश्न बाईंचा. त्यांच्याच हस्ताक्षरातल्या तीन चांदण्या तीन फायलींत होत्या.

संध्याकाळी घरी नवरा भाजी ढवळत होता. बाई ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरू लागल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"मग साहेबांना सांगून टाक," नवरा म्हणाला.

"सांगितलं तर महिनाअखेरीला माझं पद जाईल. तोफखाना वाटच बघतोय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते दोघं वकील एकसष्ट-ज्ञपर्यंत जातील. आणि ही भावंडं म्हातारी होतील भिंतीकडे बघत."

"भांडणारी माणसं आहेत कशी?"

"चांगली आहेत हो. बोलायला लागली की लहानपणावरच येतात. पण वकील बोलूच देत नाहीत."

"मग त्यांना असं एका कढईपुढे उभं करायला हवं," नवरा म्हणाला. "एकानं चिरायचं, एकानं ढवळायचं. दोघांपैकी एकजण हलला की करपणार. आपण बघ, दोन महिन्यांत किती भांडलो, पण जेवलो ना?"

"काल नाही जेवलो."

"कालचं सोड."

जेवण झाल्यावर त्या अर्धा तास संगणकापुढे बसल्या. नवऱ्यानं विचारलं, काय करतेस, तर म्हणाल्या, "खरं बेट शोधतेय." ते खोटं नव्हतं. त्यांनी नाव सगळ्या स्वरांसकट, हातानं मोजून टंकलं, खऱ्या बेटाच्या न्यायालयातल्या ग्रंथालयाचा पत्ता शोधला आणि तिथल्या ग्रंथपालाला पत्र लिहिलं. एका ग्रंथपालानं दुसऱ्याला लिहावं तसं: आधी हवामानाची चौकशी, मग कपाटांच्या वाळवीची, मग होडीची.

गुरुवारी बैठक सुरू झाली आणि तोफखाना घसा साफ करत असतानाच साहेबांनी डोळे उघडले.

"आज मी वाचतो," ते म्हणाले. "सकाळी मी स्वतः ते संकेतस्थळ पाहिलं. नवीन कलम लागू झालंय. एकसष्ट-क. 'दोन्ही दावेदारांनी आपापलं कौशल्य एकाच दिवशी, एकाच वेळी, त्याच वस्तूत बसून सिद्ध करावं. वकिलांनी किमान दहा पावलं दूर राहावं.'"

तोफखान्यानं सुईकडे पाहिलं. सुईनं तोफखान्याकडे पाहिलं. 'हे तुझं काम,' असं दोघांच्या डोळ्यांत एकाच वेळी उमटलं, आणि दोघांनाही बोलायची सोय नव्हती.

"हरकत?" साहेबांनी विचारलं.

"अं... नाही," तोफखाना म्हणाला. त्याचा इतका लहान आवाज त्या इमारतीनं ऐकला नव्हता.

"कायद्यापुढे आम्ही काय बोलणार?" सुई म्हणाली.

शनिवारी दुपारी चारला तलावाच्या काठी सगळे जमले. डॉक्टरांनी गाडीमागे बांधून होडी आणली होती. आठ महिने शेडमध्ये पडून लाकूड सुकलं होतं आणि फळ्यांच्या मधून पलीकडचं आकाश दिसत होतं. डॉक्टरांनी एका बादलीत दातांचे साचे घ्यायची पुट्टी कालवली, होडीखाली शिरले आणि कामाला लागले. पाण्याकडे त्यांची पाठ होती तोवर हात अगदी स्थिर होता. सवयीनं ते होडीला म्हणालेही, "दुखलं तर हात वर करा."

बहिणीला हसू आवरेना. "दादा, तिला भूल तरी दे."

"तू वल्ही आण. चावट कुठली."

वकील दहा पावलांवर उभे होते. साहेबांनी स्वतः मोजून रेघ मारली होती. बाई रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे कलमात नव्हतं, म्हणून त्या रेघेवर उभ्या राहिल्या.

होडी पाण्यात उतरली. बहीण वल्ही घेऊन बसली. डॉक्टर धक्क्यावर एक पाय आणि होडीत एक पाय ठेवून बराच वेळ विचार करत राहिले, आणि होडीनंच त्यांच्या वतीनं निर्णय घेतला. ते आत पडले. होडी निघाली.

"वल्हवणं चालू आहे, याची नोंद घ्यावी!" सुई काठावरून ओरडली.

"त्यात माझ्या अशिलांची पुट्टी आहे, याचीही घ्यावी!" तोफखाना गरजला.

पन्नास हात गेल्यावर पुट्टीनं दम सोडला. एका फटीतून पाण्याची पिचकारी थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर उडाली. त्यांनी फटीवर अंगठा दाबला. दुसरीकडून उडाली. दुसरा अंगठा. तिसरीकडून उडाली, तेव्हा बूट.

"बेडके, वळव! वळव लवकर!"

"मला बेडकी म्हणू नको!"

"बुडतोय आपण!"

"तू हलू नकोस म्हणजे नाही बुडत! बाबा काय सांगायचे? मधे बस, मधे!"

"बाबा मला कधी सांगायचे? भाड्याच्या होडीतून तुलाच घेऊन जायचे ना दरवेळी!"

"तूच रडायचास पाणी बघून! बाबा तासतास धक्क्यावर थांबायचे, दादा येईल, दादा येईल करत. मी कंटाळून जायचे!"

डॉक्टरांचा एक अंगठा निघाला. "थांबायचे?"

"रजेवर आले की दर रविवारी. अंगठा लाव, गाढवा!"

पण आता अंगठ्यांचा उपयोग नव्हता. काठापासून वीस हातांवर होडी अगदी सभ्यपणे खाली बसली. पाणी छातीपर्यंतच होतं. दोघं होडीत उभी राहिली, मग होडीच दिसेनाशी झाली आणि दोघं नुसतीच उभी दिसू लागली. डॉक्टर आठ वर्षांचे असल्यापासून ज्याला घाबरत आले, ते पाणी त्यांच्या खिशात शिरलं होतं. त्यांनी खाली पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि ते हसायला लागले. मग ती. मग हसता हसता ती रडायला लागली, आणि भावानं ओल्या हातानं तिच्या डोक्यावर थापटलं. त्यामुळे ती आणखी भिजली.

"तिकडून धर," तो म्हणाला. "मी इकडून उचलतो."

वकील धावणार होते. साहेबांनी काठीनं रेघ दाखवली.

दोघांनी होडी ओढत काठावर आणली. धापा टाकत डॉक्टर म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. होडी दोघांची. मी दुरुस्त करणार, ही मला वल्हवायला शिकवणार."

"पण कलम एकसष्टनुसार..." तोफखान्यानं तोंड उघडलं.

"मसणात गेलं तुमचं कलम," डॉक्टर म्हणाले. "त्या देशात आमचे बाबा राहायचे का?"

साहेबांनी तिथेच, धक्क्यावर बसून, संमतीपत्र लिहिलं. त्यावर दोघांच्या सह्या झाल्या, थोड्या पसरलेल्या.

सोमवारी बाईंनी ग्रंथालय उघडलं तर दारात तोफखाना उभा. अंगात कोट होता, पण आवाज घरी विसरून आला होता.

"बाई, ती सोमवारची छापील प्रत आहे ना... चौतीस पानी. आता तिचं काही काम नाही. रद्दीत टाकली तरी चालेल."

"टाकते की, साहेब. तिच्यात अ, ब काहीच नाही. तारीख तेवढी आहे." बाई निरागसपणे म्हणाल्या. "पण ग्रंथालयातला कागद रद्दीत काढायला ग्रंथपालाची सही लागते. पद राहिलं तर करीन."

तोफखान्यानं कोटाची गुंडी लावली. "पदाचं काय," तो हळूच म्हणाला, "माणूस हवाच. ऑनलाइनचा काही भरवसा नसतो."

अकरा वाजता बाई वर गेल्या. साहेब संमतीपत्राची प्रत तपासत होते. बाईंनी दार लोटलं, खुर्चीत बसल्या आणि एका दमात सगळं सांगितलं: गळलेला स्वर, बटाटे, गॅरेज, तीन चांदण्या. "खातरजमा न करता दिलं, साहेब. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. हवी ती शिक्षा द्या." मग त्यांनी एक कागद पुढे केला. "आणि हे खऱ्या बेटाहून आलं. तिथल्या ग्रंथपालबाईंचं उत्तर. होडीची नोंदणी सहा वर्षांपूर्वीच संपलीय. नूतनीकरणच केलं नव्हतं. त्यामुळे त्यांचा कायदा लागूच होत नव्हता. शिवाय त्यांच्याकडे वाळवी फार आहे."

साहेबांनी पत्र वाचलं. "म्हणजे आपल्याला परदेशी कायदा लागतच नव्हता."

"नाही."

"चांगलं झालं, आधी नाही कळलं." त्यांनी कागद खाली ठेवला. "बाई, संमतीनं मिटलेल्या भांडणाला कायदा लागत नाही, सह्या लागतात. आणि गॅरेजचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. निवृत्त माणूस मी. पानाच्या तळापर्यंत वाचायला मला वेळ असतो."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो. पण गुरुवारी त्या कलमावर ती पोरगी चिडली आणि तो दात म्हणून काहीतरी बोलला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. म्हटलं, चालू दे." ते किंचित पुढे झुकले. "प्रस्तावाला दुसऱ्या नागरिकाचं अनुमोदन लागतं, हे वाचलंत ना? सुईच्या प्रस्तावाला अनुमोदन कुणी दिलं असेल? आणि तोफखान्याच्या?"

"साहेब! तुम्ही?"

"डोळे मिटून बसतो म्हणजे झोपतोच असं नाही. एकसष्ट-क या कलमालाही मीच दिलं. लगोलग. फार नेटकं लिहिलं होतं." साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "आता एकच गोष्ट मला कळत नाही. सोमवारी तिथली लोकसंख्या एकोणचाळीस. मंगळवारी बेचाळीस. ते आम्ही तिघं. बुधवारी सकाळी पाहतो, तर त्रेचाळीस. हा त्रेचाळिसावा नागरिक कोण?"

बाईंनी टेबलावरचे कागद गोळा केले, कडेला कड लावून सारखे केले आणि उठल्या. दाराशी पोचल्यावर त्या वळल्या.

"कलम नऊ, साहेब," त्या म्हणाल्या. "नागरिकाची ओळख विचारता येत नाही."